दुसऱ्या ओळीच्या शेवटी

श्रीरामपूर
१४ जानेवारी २०२५

प्रिय शिला,

प्रभूचा सलाम. हरी बोलला! आणि ही गोष्ट मला नातीच्या मोबाइलवरून कळावी, भावजयीकडून नाही? तू काहून लिहिलं नाहीस?

मला ऐकू येत नाही, पण डोळे अजून शाबूत आहेत. प्रियंकाने गेल्या आठवड्यात तो व्हिडिओ दाखवला. तुमच्या हिंगोलीच्या घरातली बैठकीची खोली मी लगेच ओळखली. खुर्चीत हरी, कपाळावर तेल, डोक्यावर तुमच्या नव्या पाळकांचा हात. आणि मग त्याचं तोंड उघडलं ग! ओठ हलून राहिले होते. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की दोन वर्षं मुके असलेले निवृत्त गुरुजी प्रार्थनेने बोलू लागले. मी प्रियंकाला पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "आजी, बॅटरी संपली."

त्याला लकवा झाल्यापासून तू प्रत्येक पत्रात एकच लिहितेस, "शब्द नाही." मी ते वाचते आणि पत्र घडी करून ठेवते. आई बायबलबाई. खेडोपाडी, नर्सीच्या बाजारात शुभवर्तमानाची पुस्तकं घेऊन फिरायची, तेव्हा हरीला कडेवर घेऊन मीच सांभाळलं. तो पहिला शब्द बोलला तो माझ्यापुढे. आता दुसऱ्यांदा बोलला तर मी इथे.

रविवारी आमच्या देवळात, उपासनेच्या वेळी उभी राहून मी या चमत्काराची साक्ष दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

तो काय बोलला ते लिही. सगळं लिही. माझं नाव घेतलं का?

तुझी पारूवन्स


हिंगोली
२० जानेवारी २०२५

पारूवन्स,

सलाम. पत्र मिळालं.

ते बोललेले नाहीत. तुमचं नाव घेतलं नाही. माझंही घेतलं नाही.

नव्या पाळकांविषयी तुम्हाला लिहिलं नव्हतं, कारण कागद महाग आहे. विजयकुमार नाव. ऑगस्टमध्ये बदलून आले. झग्याखाली जीन्स आणि पांढरे बूट. व्यासपीठामागे दहा आज्ञांचा फळा होता, तो काढून तिथे पडदा लावला. गाणं चालू असताना पडद्यावर सूर्यास्त दाखवतात. सूर्यास्त बघायला चर्चमध्ये कशाला यायचं? तो हिंगोलीत रोज फुकट होतो. एका मुलीला म्हटलं, डोक्यावर पदर घे, निदान ओढणी घे. म्हणाली, "आंटी, देव मन बघतो." मी म्हटलं, देव मन बघेल, पण मागच्या बाकावरून मला तुझे केस बघावे लागतात. तेव्हापासून ती दुसऱ्या बाजूला बसते.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी हे पाळक घरी आले. सोबत पाच-सहा जण, त्यातल्या एकाच्या हातात काठीला लावलेला मोबाइल. यांच्या कपाळाला तेल लावलं, हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना केली. तेवढ्यात आईंचं सांजगीत सुरू झालं आणि हे गायला लागले. गाणं म्हणजे बोलणं नव्हे. डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की लकव्यात बोलणं जातं, पण लहानपणी पाठ झालेलं गाणं कधीकधी उरतं. झालं ते एवढंच. पण सगळे "हालेलूया" ओरडले आणि पुढचं तुम्ही मोबाइलवर पाहिलं.

त्यानंतर पाळक म्हणाले, गुरुजींना प्रभुभोजन देतो. मी नको म्हटलं. ज्याला स्वतःची परीक्षा करता येत नाही त्याने भाकर आणि प्याला घेऊ नये, हा आपल्या मंडळीचा नियम. हे स्वतः मंडळीचे पंच होते तेव्हा यांनीच एका भ्रमिष्ट म्हातारीला थांबवलं होतं. तिचा मुलगा वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही, तरी ते हलले नाहीत. त्यांचा नियम मी त्यांच्याच घरात मोडणार नाही.

तुमच्या मंडळीत साक्ष दिलीत ती परत घ्यावी, असं मला वाटतं.

शिला


श्रीरामपूर
२७ जानेवारी

शिला,

गातो तर! मग ते कोणाचं काम? डॉक्टरचं? ज्याच्या तोंडून दोन वर्षं शब्द नाही तो मी कडेवर घेऊन शिकवलेलं आईचं गीत गातो आणि तू म्हणतेस, "झालं ते एवढंच." कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी तुला ताठ बसायला शिकवलं, पण गुडघे टेकायला शिकवलं का? तुझ्या तोंडून आमेनसुद्धा इस्त्री करून निघतं.

पाळक पांढरे बूट घालतो तर घालू दे. बूट घालून का होईना, घरी आला. तुमचे आधीचे पाळक काळे बूट घालायचे आणि वर्षातून एकदा, नाताळच्या फराळाला यायचे.

साक्ष मी परत घेणार नाही.

आणि एक विचारते. "पहिल्याच वर्षी" असं तू लिहिलंस. म्हणजे तो गातो हे तुला तेव्हापासून ठाऊक होतं? मग इतक्या पत्रांत मला एकदाही काहून लिहिलं नाहीस? मला ऐकू येत नाही म्हणून? मला ऐकू येत नसलं तरी तो गातो एवढं कळलं असतं तर मी रोज त्या वेळेला बसले असते.

पारू


हिंगोली
४ फेब्रुवारी

पारूवन्स,

ठाऊक होतं. लिहिलं नाही, कारण तुम्हाला वाटतं तसं ते गाणं नाही. विचारलंत म्हणून लिहिते.

लकव्यानंतर हे गोळ्या घेईनात. दात आवळून बसायचे. चमच्याने तोंड उघडायला गेले तर ओठातून रक्त यायचं. एका संध्याकाळी मी कपडे घड्या घालताना आईंचं गीत गुणगुणले आणि यांनी तोंड उघडलं. गीत आईंनी स्वतःच रचलेलं, कोणत्या पुस्तकात नाही, ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांनी लांब सूर ठेवला आहे. तिथे तोंड पूर्ण उघडतं. मी तिथे गोळी जिभेवर ठेवते, पाणी पाजते, हनुवटी धरते. गोळी जाते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तिसऱ्या ओळीपर्यंत आम्ही कधी गेलो नाही. गरज पडली नाही.

त्या संध्याकाळी पाळकांची प्रार्थना लांबली. गोळीची वेळ टळत होती. माझ्या हातात वाटी होती. गीत मी धरलं. दुसरं कोण धरणार, कोणाला येतच नाही. यांनी नेहमीसारखं गायलं आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी तोंड उघडून थांबले. व्हिडिओ तिथेच कापला आहे. पुढचं मी पाहिलं. लोक नाचत होते आणि हे तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते. गोळी द्यायला कोणी मला पुढे जाऊ देईना.

आता त्या गीताचं मला काही वाटत नाही. कुकरची शिटी वाजली की गॅस बंद करायला आपण उठतो, तसं. वाटायला हवं, हे कळतं. राग तेवढा येतो. तो अजून नीट येतो.

काल एक बाई आली. रूपाबाई, कनेरगाव नाक्याच्या पुढच्या तांड्यावरची. आपल्या मंडळीतली नाही. सोबत मुलगी दिपा, नववीत आहे, तिला फिट येतात.

"बाई, गुरुजी बोलले ना?"

"नाही बोलले."

"अवं, म्या सोता बघितलं की."

"तू मोबाइल बघितलास. गुरुजी आत आहेत, ते बघ."

ती आत गेली, हात जोडून उभी राहिली. हे खिडकीकडे बघत होते. ती म्हणाली, "थकले असतीन. दिसभर कोन बोलतंय?" मग मला म्हणाली, "म्या दिपाच्या गोळ्या बंद केल्या बाई. त्या गोळ्यांनं लेकरू बाकावर झोपून राहतंय. मास्तर म्हनतो, हिला घरीच ठिवा. गुरुजीला देवानं आवाज देला, मंग माझ्या पोरीला काहून न्हाई देनार बरं होनं?"

मी तिला गोळीचं सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला लिहिलं तसं. तिने मान हलवली. माणसं दुकानदाराचा भाव ऐकून हलवतात तशी. मी त्या दोघींना घेऊन पाळकांकडे गेले.

पाळक म्हणाले, "मी गोळ्या बंद करा असं कधीच म्हटलेलं नाही."

"चालू ठेवा असं म्हटलंत?"

 रूपाबाईला त्यांनी सांगितलं, गोळ्या चालू ठेवा, प्रार्थनाही करू. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मी आलो तेव्हा चर्चमध्ये पंखे जास्त आणि माणसं कमी होती. आता दारात चपला ठेवायला जागा नाही. त्या व्हिडिओने लोक येतात. आल्यावर वचन ऐकतात."

मी म्हटलं, "खोट्यावर आलेला माणूस खरं ऐकायला थांबत नाही."

ते म्हणाले, "बाई, रागावू नका. दोन वर्षांत गुरुजींना तुम्ही एकदा तरी चर्चमध्ये आणलंत का?"

 मी दिपाला बिस्किटांचा पुडा दिला आणि काळीपिवळीत बसवून दिलं.

शिला


श्रीरामपूर
११ फेब्रुवारी

प्रिय शिला,

गोळी. मी तो शब्द वाचला आणि चष्मा काढून ठेवला. हे पत्र मी प्रियंकालाही दाखवलेलं नाही.

तुला मी ओळखते. तू हे मंडळीत उभी राहून बोलणार. नको बोलू. त्या बाईला तू सांगितलंस, पाळकांनीही सांगितलं, तेवढं पुरे झालं.

माझं ऐक. इथे मी बहिरी म्हातारी. देवळात मागच्या खांबाजवळ बसायची. कोणी काही विचारत नव्हतं, विचारून उपयोग काय? साक्ष दिल्यापासून बाया माझ्याजवळ येतात. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतात. परवा एकीने नुकतं झालेलं लेकरू माझ्या मांडीवर दिलं. मला पुढच्या बाकावर बसवतात. आता त्यांना जाऊन काय सांगू, माझा भाऊ गोळीसाठी तोंड उघडतो?

तुझ्याकडे हरी आहे. कसाही असो, समोर आहे. माझ्याकडे तो व्हिडिओ आहे. तेवढा राहू दे.

तुझी पारूवन्स


हिंगोली
१८ फेब्रुवारी

पारूवन्स,

दिपा चुलीपुढे पडली. फिट आली तेव्हा भाकरी करत होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे. जीव वाचला. रूपाबाईने गोळ्या सुरू केल्याच नव्हत्या.

मी दवाखान्यात जाऊन आले. मुलगी जागी होती. मला बघून उठायला लागली, शाळेत बाई आल्यावर उठतात तशी. मला रडू आलं नाही. सोबत नेलेली मोसंबी ठेवायला जागा शोधत राहिले.

रूपाबाई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी म्हनल्या व्हत्या, व्हय. पर तुमी एकल्याच म्हनत व्हत्या. मोबाइलातले ते सगळे दुसरं म्हनत व्हते."

पाळकही आले होते. दारात उभे राहिले, आत आले नाहीत. व्हिडिओ अजून आहे.

रविवारी २ मार्चला भोजनाची उपासना आहे, सगळे येतील. मी उभी राहणार आहे. तुम्हाला विचारत नाही, कळवते.

शिला


श्रीरामपूर
२४ फेब्रुवारी

शिला,

त्या पोरीच्या हाताचं वाचून मला जेवण गेलं नाही. मी तुला गप्प बस म्हटलं होतं. मी म्हटलं म्हणून तू थांबलीस का, ते लिहू नकोस.

बोल. पण एकटी जाऊ नकोस, हरीला घेऊन जा. तुझ्या जिभेला लोक घाबरतात, तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांना ऐकवू नकोस, दाखव.

मी काल आमच्या देवळात सांगितलं. प्रियंका शेजारी उभी होती, तिने मोठ्याने पुन्हा सांगितलं. मला काही ऐकू आलं नाही, तोंडं तेवढी दिसली. पुढच्या बाकावरून मला कोणी उठवलं नाही. मीच उठून खांबाजवळ जाऊन बसले. ती लेकरूवाली बाई माझ्यामागून आली आणि शेजारी बसली. काहून आली कळलं नाही.

पारूवन्स


हिंगोली
६ मार्च २०२५

पारूवन्स,

सलाम. रविवारचं लिहिते. तुम्ही वाट बघत असाल, म्हणून क्रमाने लिहिते.

यांना आंघोळ घातली, पंच असतानाचा पांढरा सदरा घातला. गळ्याशी आता मोठा होतो. रिक्षावाल्याने आणि मी मिळून चाकाच्या खुर्चीत बसवलं. चर्चच्या दारात एक पायरी आहे. चाळीस वर्षं मी ती चढले, पण ती आहे हे मला रविवारी कळलं. त्या ओढणी न घेणाऱ्या मुलीनेच खुर्ची पुढून उचलली. तिचे केस मोकळेच होते. मी काही म्हटलं नाही.

आम्हाला बघून टाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं, साक्ष द्यायला आले. मेजावर पांढरं कापड, ताटलीत पावाचे तुकडे, छोट्या पेल्यांत द्राक्षरस. निवेदनं वाचून झाली आणि मी पदर घेऊन उभी राहिले. एका पंचाने "बाई, नंतर" असं हाताने दाखवलं. मी म्हटलं, "नंतर चहा असतो."

बोलले ते एवढंच: "गुरुजी बोलत नाहीत. एक गीत गातात, ते गोळी घेण्यासाठी. प्रार्थनेच्या आधीपासून गातात. व्हिडिओ बघून एका मुलीच्या गोळ्या बंद झाल्या आणि तिचा हात भाजला. आता बघा."

आणि मी गीत धरलं. माइक नव्हता. यांनी दुसऱ्या शब्दालाच सूर पकडला. लहान पोरं हसली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. शेवटच्या लांब सुरावर यांनी तोंड उघडलं आणि थांबले.

सकाळची गोळी घरीच देऊन निघाले होते. माझ्या हातात काही नव्हतं. हे मला आधी सुचलंच नाही. मी रिकाम्या हाताने उभी आणि हे तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते. लाळ सदऱ्यावर आली. कोणी हललं नाही. पडद्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. लोकांना कळलं. मी जिंकले म्हणायचं. मला काही वाटलं नाही. तोंड मिटवायला हनुवटीला हात लावला, तरी ते मिटेनात.

पाळक मेजामागून खाली आले. मला वाटलं, मला बसवायला आले. त्यांच्या हातात ताटली होती. ते गुडघ्यावर बसले. त्यांनी पावाचा लहान तुकडा मोडला, पेल्यात बुडवून मऊ केला आणि माझ्याकडे पाहिलं. तोंडाने विचारलं नाही, पण थांबले. नियम त्यांना ठाऊक होता, मीच सांगितला होता.

मी हरकत घेतली नाही. नियम चुकीचा आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण तोंड उघडं होतं.

त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला. "गुरुजी, प्रभूचं शरीर." मी सवयीने हनुवटी धरली. यांनी चावलं, गिळलं. ठसका लागला नाही. मग पाळक तिथूनच, गुडघ्यावरूनच, लोकांकडे वळून म्हणाले, "मी लोकांना खोटं दाखवलं. व्हिडिओ आज निघेल. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या चालू ठेवा."  पहिल्यांदाच त्यांचा उपदेश मला लांब वाटला नाही.

काही जण भोजनाआधीच उठून गेले. व्हिडिओ दुपारी निघाला. पुढच्या रविवारी दारात चपलांना जागा असेल. दिपाच्या गोळ्या सुरू आहेत, डॉक्टरांनी बदलून दिल्या, कमी झोप येते म्हणे. हाताला वेळ लागेल.

राहिलं ते एक. पाव गिळून झाल्यावर यांनी पुढे गायला सुरुवात केली. तिसरी ओळ. मग चौथी. तोंडात गोळी नव्हती आणि कोणी थांबवलं नाही, म्हणून असेल. मी साथ देऊ शकले नाही, कारण मला त्या ओळी येत नाहीत. सून म्हणून आले तेव्हा ते गीत मला गावठी वाटायचं, मी लक्ष दिलं नाही. आणि आता यांचे शब्द ओठांत अडकतात, नीट कळत नाहीत. हे एकटेच गात होते आणि मंडळी बसून होती. ते चमत्कार वगैरे काही नाही, तुम्ही कोणाला सांगू नका.

तुम्ही पहिल्या पत्रात विचारलं होतं, तुमचं नाव घेतलं का. नाही घेतलं. पण तुम्ही शिकवलेलं सगळं त्यांना येतं.

मला पहिल्या दोनच ओळी येतात. बाकीचं गीत मोठ्या अक्षरात लिहून पाठवा.

तुमची
शिला